ऑटोगायरोची चुकीची आकृती

महोदय,

कालच्या पुरवणीत ऑटोगायरोवर, म्हणजे डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी पाती असलेल्या छोट्या यानावर, लेख आला. विषय निवडला याचा आनंद आहे. पण इंजिनापासून डोक्यावरच्या फिरत्या पात्यांपर्यंत, म्हणजे रोटरपर्यंत, पट्टा गेलेली ती आकृती पाहिली आणि राहवेना. उडत असताना ऑटोगायरोचे इंजिन रोटर फिरवतच नाही. ते फक्त प्रोपेलर, म्हणजे यानाला पुढे रेटणारा पंखा, फिरवते. त्याने यान पुढे सरकते, मागे कललेल्या रोटरमधून वारा खालून वर जातो आणि पाती वाऱ्यावरच फिरत राहतात. बालाघाटच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांना कोणी मोटर लावून फिरवते का? धावपट्टीवर रोटरला सुरुवातीची गती देण्यापुरती इंजिनाची जोड असते, तीही यान उचलण्याआधी सोडवतात. ऑटोगायरोचा जनक हुआन दे ला सिएर्वा याने हे १९२३ साली स्पेनमध्ये उडवून दाखवले आहे.

चिडण्याचे कारण घरचे आहे. वाळूजला माझी लेथची शेड आहे. भाच्याने शेवटच्या वर्षाला ऑटोगायरोचे मॉडेल केले, त्याचा हब (पाती बसतात तो मधला भाग) आणि पुल्या मीच टर्न करून दिल्या. पाती हाताने फिरवून समोर मोठा पंखा लावला की रोटर वेग धरायचा. प्रोपेलरच्या ड्राइव्हचे गणितही पोराने चोख मांडले होते. रोटॅक्स ९१२ चे शंभर अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांपर्यंत जाते. पावणेदोन मीटरचा प्रोपेलर त्याला थेट जोडला तर टोके आवाजाच्या वेगापुढे जातील, गोंगाट वाढेल आणि जोर वाया जाईल. म्हणून मध्ये २.४३ पटीने वेग उतरवणारा गिअरबॉक्स असतो आणि प्रोपेलर २४०० च्या आसपास फिरतो. परीक्षकांनी त्यातले काही विचारले नाही. "वरचा पंखा इंजिनाला जोडलेलाच नाही, काम अर्धवट आहे," म्हणाले आणि गुण कापले. "सर, पंखा लावून दाखवतो," असे पोरगा म्हणाला, तर वेळ नव्हता. आता तीच चूक तुमच्या पेपरात रंगीत छापून आली. उद्या परभणी-हिंगोलीची पोरे तीच आकृती वहीत काढतील.

लेखातले 'घरच्या घरी कोणीही बनवू शकतो' हे वाक्य तर ताबडतोब मागे घ्या. मागे बसवलेल्या प्रोपेलरची रेषा गुरुत्वमध्याच्या बरीच वर गेली आणि हवेत रोटरवरचा भार क्षणभर सुटला, तर प्रोपेलर यानाला नाकावर उलथवतो. सावरायला वेळ मिळत नाही. माणसे गेली आहेत यात. शेपटीचा आडवा पंख त्यासाठीच मोठा ठेवतात आणि तुमच्या आकृतीत तो पंखच नाही.

दुरुस्ती छापाल तेव्हा ती लेखाच्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या आकृतीसह छापा. मागे कापसाच्या फवारणीच्या प्रमाणातली चूक तुम्ही निविदांच्या जाहिरातींखाली बारीक अक्षरात सुधारली होती. आमच्या गावात ती कोणीही वाचली नाही.

आपला,
एक जुना वाचक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर