हॉलमधील स्पीकरच्या स्पाइकबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती

विषय: पहिल्या मजल्यावरील हॉलमधील स्पीकरचे स्पाइक बदलणे

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हॉलमधल्या दोन उभ्या स्पीकरना नवे, जास्त टोकदार स्पाइक (पेटीच्या तळाला आट्यांवर फिरवून बसवायचे धातूचे अणकुचीदार पाय) बसवायचे आणि त्यामुळे खालच्या घरात जाणारा दणका बंद होईल, असे बोर्डावरच्या सूचनेत म्हटले आहे. दुरुस्ती हवीच, त्यावर वाद नाही. पण दणका बंद होईल हे म्हणणे चुकीचे आहे. त्याच्या भरवशावर कोटेशन मंजूर झाले तर पैसे जातील आणि तक्रार तशीच राहील.

स्पाइक कंपने अडवत नाही. तो स्पीकर आणि जमीन यांना घट्ट जोडतो. गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या टणक जमिनीवर टेकायचे आणि उंच, अरुंद पेटी डुलू द्यायची नाही, हे त्याचे मूळ काम. ते तो चोख करतो. पण आपल्या हॉलमध्ये गालिचा नाही. लादी आहे, लादीखाली स्लॅब आणि स्लॅबखाली कोणाचे तरी घर. पेटीची थरथर पोलादी टोकातून सरळ लादीत उतरते. टोक आणखी बारीक केल्याने ती कशी कमी होणार, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

बारीक टोकाने एक गोष्ट मात्र नक्की होईल. लादीला आणखी खड्डे पडतील. एका स्पीकरचे वजन मागच्या पट्टीवर 32 किलो लिहिले आहे. चारही पायांवर सारखे वाटले तर प्रत्येकी 8 किलो. टोकाचे क्षेत्रफळ 1 चौरस मिलिमीटर धरले तर तिथला दाब चौरस सेंटिमीटरला 800 किलो होतो. डावा स्पीकर तर सध्या डुगडुगतो, म्हणजे त्याचा बहुतेक भार समोरासमोरच्या दोनच कोपऱ्यांवर आहे. खिडकीजवळच्या लादीचा टवका तिथेच उडालेला आहे. स्पाइकच ठेवायचे असतील तर प्रत्येकाखाली धातूची खळगीदार चकती हवी. ती लादी वाचवते, खालच्या घराची झोप वाचवत नाही.

आता त्या झोपेविषयी. खाली आवाज दोन वाटांनी जातो, पायांतून स्लॅबमध्ये आणि हवेतून भिंती-छतामार्गे. दुसरी वाट बंद करणे फार अवघड असते. 40 हर्ट्झच्या स्वराच्या एका लहरीची लांबी हवेत साधारण साडेआठ मीटर भरते आणि इतक्या खालच्या स्वरांना भिंत फारसे अडवू शकत नाही. त्यामुळे आपला त्रास कोणत्या वाटेचा, हे ठरवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये अशी माझी विनंती आहे. त्यासाठी चाचणी सोपी आहे. दोन्ही स्पीकर जाड, भरीव फोमवर ठेवायचे, मागून दोघांनी धरून ठेवायचे (फोमवर उंच पेटी कलंडते, हात सोडायचा नाही) आणि बास असलेला एकच तुकडा त्याच आवाजात आधी स्पाइकवर, मग फोमवर वाजवायचा. समितीपैकी कोणीतरी खालच्या घरात उभे राहून ऐकावे. आवाज स्पष्ट कमी झाला तर पाय बदलण्यात अर्थ आहे. काहीच फरक पडला नाही तर पाय कोणतेही घाला, उपाय एकच: बासचे बटण खाली आणि रात्रीची वेळ ठरवणे.

फरक पडला तर स्पाइकऐवजी त्याच आट्यांचे रबरी किंवा स्प्रिंगचे पाय घ्यावेत. तेही वजन बघूनच. स्पीकरच्या भाराने पाय जेवढा दबतो त्यावरून तो कुठपासून काम करेल याचा अंदाज येतो. 1 मिलिमीटर दबला तर त्याची स्वतःची कंपनसंख्या सुमारे 16 हर्ट्झ येते आणि साधारण 22 हर्ट्झच्या वरची थरथर तो अडवू लागतो. 40 हर्ट्झला कागदावर पाचवा हिस्साच पुढे जातो. प्रत्यक्षात रबर त्याहून थोडे कमी अडवते. टणक रबराचा पाय दबलाच नाही तर तो नुसता बूट. फार मऊ असेल तर पेटी डुलेल, आणि हॉलमध्ये मुले धावतात.

खरेदीआधी आटे मोजून घ्यावेत, ही माझी सर्वात आग्रहाची सूचना. 8 मिलिमीटरचा मेट्रिक आटा आणि 5/16 इंचाचा (7.94 मिलिमीटर) आटा डोळ्यांना सारखेच दिसतात, पण पहिल्याच्या दोन आट्यांतले अंतर 1.25 मिलिमीटर आणि दुसऱ्याच्या 1.41. चुकीचा पाय दोन-तीन फेरे जातो आणि अडकतो. मग कोणीतरी पाना लावून जोर करते आणि लाकडी तळातली पितळी खोबण सुटून येते. डाव्या स्पीकरच्या मागच्या कोपऱ्यात हे आधीच कोणीतरी केलेले दिसते. तिथे हार्डवेअरचा बोल्ट ठोकून खाली पुठ्ठ्याची घडी सारली आहे आणि खोबणीच्या कडेला पितळेचा कीस चिकटलेला आहे. ती खोबण बदलावीच लागेल. जुना शाबूत स्पाइक नमुना म्हणून न्यावा आणि नवा पाय हातानेच शेवटपर्यंत फिरतो का ते बघावे.

बसवताना स्पीकर दोघांनी उचलून घोंगडीवर आडवा करावा. दोन पायांवर तिरका करून तिसरा फिरवण्याचा मोह होतो. तेव्हा सगळा भार आडवा येऊन आटे वाकतात. उभा केल्यावर आधी तीन पाय टेकवून वर पाणसळ ठेवायची आणि चौथा जमिनीला लागेपर्यंतच खाली आणायचा. 8 मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यावर पूर्ण एका फेऱ्याने 1.25 मिलिमीटर फरक पडतो, म्हणून शेवटी पाव फेराच पुरतो. स्पाइक असतील तर प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सरकवून बघावी, जिथे ती सहज जाते तो पाय अधांतरी आहे. मग चेकनट (पाय जागेवर घट्ट धरणारे नट) तळाशी आवळायचे. ते ढिले राहिले की स्वतःच घरघरतात. सध्याच्या तक्रारीतली "घरघर" त्यातलीच असावी असा माझा संशय आहे, आणि ती थांबवायला एक पाना पुरेल.

चाचणीसाठी आणि बसवण्यासाठी मी येईन. उचलायला आणखी एक जण आणि खालच्या कुटुंबाची सोयीची वेळ, एवढे समितीने बघावे. तोवर कोटेशनवर सही करू नये. काढलेले चांगले स्पाइक ऑफिसच्या कपाटात पिशवीत ठेवावेत. पुढे कधी हॉल तळमजल्यावर गेला तर लागतील.

आपला,
एक सभासद, ब विंग