बाबांच्या कॅप्सूलबद्दल

देवबाग, मालवण

प्रिय सुन्या,

बाबांना ताप-जुलाब आहेत, ती कॅप्सूल देऊ का, असा तुझा मेसेज आला तेव्हा दादाच्या बारक्याला चमच्याने पाणी पाजत बसलो होतो, म्हणून उत्तर राहिलं. विषय बाबांचा आहे, तेव्हा फोनवर उरकण्यापेक्षा लिहूनच कळवतो.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दादाच्या पोराला उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी पाण्यासारखे जुलाब. डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. जलसंजीवनीची पाकिटं, झिंक १४ दिवस आणि प्रोबायोटिकची, म्हणजे पोटाला चांगल्या जिवाणूंची, ती प्लास्टिकची चिमुकली बाटली. घरी येऊन मी शहाण्याने अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं. पोराने एक घोट घेऊन थुंकलं, तर मीच त्याच्यावर ओरडलो. वहिनीने पाकीट वाचलं: अख्खं पाकीट एक लिटरला! म्हणजे मी अडीचपट खारट पाजत होतो. मग लिटरभर नीट मोजून केलं आणि दर दोन मिनिटांनी एक चमचा. आईचं मधेमधे चालूच, "आधी पेज दी तेका, औषधां मागसून." रात्री दोनला पोराला लघवी झाली, तेव्हा कुठे आम्ही आडवे झालो.

श्रेय सगळे त्या बाटलीला देतायत. तिच्या ५ मिलीत २०० कोटी बीजाणू असतात, कवचातले, म्हणून फ्रिजबाहेर टिकतात आणि पोटातल्या आम्लातूनही तरतात. पण अशा आजारात प्रोबायोटिकने फरक पडतोच असं नाही. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात जुलाब-उलट्यांच्या लहान मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून अठराशेच्या वर मुलं. त्यांना लॅक्टोबॅसिलस नावाचा जिवाणू देऊन पाहिला, तर औषध नसलेल्या नुसत्या पुडीपेक्षा काही जास्त गुण आला नाही. बाटलीतला जिवाणू वेगळा, हे खरं. पण पोर सावरलं ते चमच्याने, असं माझं मत.

आईला वाटतं आंबोळी खाल्ली की झालं. पीठ आंबतं ते जिवाणूंमुळेच, पण तापल्या तव्यावर ते उरतायत कुठे! सोलकढीत तर आंबवण्याचा प्रश्नच नाही. विरजणाच्या ताकात मात्र जिवंत असतात.

आता बाबा. ताप आणि जुलाबासाठी शेजाऱ्यांनी सुचवलेली ती कॅप्सूल, सॅकरोमायसीस बोलार्डीची, म्हणजे एक प्रकारचं यीस्ट. धडधाकट माणसाला सहसा त्रास नाही. पण बाबांची केमो चालू आहे आणि छातीतला पोर्ट, म्हणजे औषध रक्तात सोडायला बसवलेली नळी, अजून आहे ना? अशा नळ्या असलेल्या, प्रतिकारशक्ती उतरलेल्या रुग्णांच्या रक्तात हे यीस्ट शिरल्याची उदाहरणं आहेत. क्वचित, पण आहेत. कोणी शेजारी बसून कॅप्सूल फोडली तरी हाताला लागून ते पोर्टपर्यंत जाऊ शकतं. तेव्हा पाकीट फोडूच नकोस. आणि केमोत ताप म्हणजे वाट बघायची नाही, हे पत्र वाचून झाल्याबरोबर त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन लाव. ताकाचंही त्यांनाच विचार.

फोन झाला की मला कळव. बारक्या सकाळपासून बांगड्याची कढी मागतोय, आई काही देत नाही.

तुझा,
बाळ्या