हौदाला माती हवी : खाशाबांच्या जयंतीआधी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

15 जानेवारी तोंडावर आली. पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांची जयंती, आणि आता राज्य क्रीडा दिनही. तसबिरीला हार पडेल, नारळ फुटेल, ते होतच राहील. पण जयंतीच्या आत तालमीतल्या कुस्तीच्या हौदाची माती बदलायची, असे कार्यकारिणीने यंदा एकमताने ठरवले आहे. हे काम तालमीच्या एकटीच्या बळावर होणारे नाही.

खाशाबा कोण, हे कऱ्हाड तालुक्यात सांगावे लागू नये. तरी तालमीत नव्याने येणाऱ्या पोरांच्या घरच्यांसाठी लिहितो. गोळेश्वरचे खाशाबा पाच भावांत धाकटे, वडीलही पैलवान. 1948 ला लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले, तेही सगळी मेहनत मातीतली आणि लढत गादीवरची, म्हणजे मॅटवरची, असताना. 1952 ला हेलसिंकीला जायचे तर गाठीला पैसा नव्हता. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. 57 किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला 1996 साल उजाडले. कऱ्हाडला त्यांच्या मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. आणि मिरवणूक ओसरल्यावर या माणसाने कुस्त्या लावून प्राचार्यांचे पैसे फेडले. 1955 ला ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि नोकरी, संसार सचोटीने केला. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

ते पदक वर्गणीचे आहे. म्हणून त्यांच्या नावाने वर्गणी मागताना आम्हाला संकोच वाटत नाही.

आता मातीचे. हौद 20 बाय 20 फूट. वरची एक फूट माती पूर्ण काढायची आहे, म्हणजे 400 घनफूट, 4 ब्रास. चाळताना खडा, मुळ्या, ढेकळे निघून तूट येते, म्हणून 5 ब्रास आणावी लागेल. हल्लीची माती घामाने आणि पावसाळ्यातल्या ओलीने मेली आहे. खणली तरी दुपारपर्यंत दगडासारखी बसते. धोबीपछाड बसलेले पोर अशा जमिनीवर आदळले की खांदा जातो. कोपऱ्यात ओल धरते तिथे बुरशी येते आणि गजकर्ण एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. यंदा चार पोरे त्यापायी महिनाभर घरी बसली.

माती तांबडीच हवी. काळी मिसळली की ओली असताना अंगाला चिकटते, वाळली की भेगा पडतात. चाळणी बारीक वाळूची. एक खडा राहिला तरी गुडघा, कोपर सोलते. चाळून झाल्यावर वस्तादांच्या मापाने 4 ब्रासला ताक 200 लिटर, हळद 40 किलो, तिळाचे तेल 4 डबे, लिंबे 1000, काव (तांबडा गेरू) 50 किलो, कापूर 5 किलो. ताक आंबट चालेल, पण मीठ घातलेले अजिबात नको, सोललेल्या अंगाला झोंबते. तेही सगळे एकदम ओतायचे नाही. एकदम ओतले की गोळे होतात आणि आतून कुजून वास सुटतो. थोडे शिंपडायचे, खोऱ्याने खालीवर करायचे, रात्रभर मुरू द्यायचे. असे आठ दिवस. तेल कमी पडले तर धूळ उडून नाकाडोळ्यांत जाते, जास्त झाले तर पाय घसरतो आणि पकड सुटते. मूठ आवळली की गोळा राहावा आणि बोट लावले की फुटावा, तेव्हा माती झाली. हळद रंग मिसळलेली असेल तर अंगावर पुरळ उठते, म्हणून शक्यतो घरी दळलेली द्यावी.

मागच्या वेळी माती बदलली तेव्हा तेल घाण्याच्या मालकांनी दिले होते. ते आज नाहीत. पण त्यांच्या सूनबाईंनी गेल्याच आठवड्यात दोन डबे पाठवले, वर चिठ्ठी चिकटवून: "मामंजींच्या नावचे." त्याच वेळी कुंभारवाड्याने काव दिली, मोजमाप न करता दिली. वरच्या आळीतल्या बायकांनी आठ दिवस घरोघरचे ताक गोळा करून चरव्या भरून आणले. निवृत्त गुरुजींनी पहिली पेन्शन हातावर ठेवली आणि पावती घ्यायलाही थांबले नाहीत. ट्रॅक्टरवाल्या दोघा भावांनी डिझेलसुद्धा लावून घेतले नाही. यांचे उपकार तालीम विसरलेली नाही, विसरणार नाही.

बोलू नये, पण बोलतो. गेल्या जयंतीला फोटो काढायला दारापर्यंत रांग होती. दुसऱ्या दिवशी हौद खणायला बोलावले तर वस्ताद आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरे. दोन वर्षांमागे हेच आवाहन केले होते, तेव्हा "बघू" म्हणालेल्यांची यादी बरीच मोठी आहे. ती आम्ही फाडून टाकली. यंदा कोरी वही काढली आहे.

मॅट हवी, हे ज्यांचे म्हणणे आहे त्यांच्याशी आम्ही सहमत आहोत. पुढे स्पर्धा मॅटवरच आहेत. पण पोरगे पडायला शिकते ते मातीत. आधी हौद, मग मॅट.

तपशील : 1 जानेवारीला सकाळी 6 वाजता जुनी माती उपसायला सुरुवात, खोरे-घमेले घरून आणावे. 3 ला चाळणी. 4 पासून मुरवणे, ताक रोज सकाळी 8 च्या आत. 13 ला फळी ओढून सपाटी, 15 ला हौद पूजन आणि लहान गटाच्या कुस्त्या. तेल आता दोनच डबे कमी आहे. माती 3 ब्रास बाकी, हळद, लिंबे आणि कापूर तर सगळेच यायचे बाकी. काव कबूल झाली आहे. वस्तू तालमीच्या कोठीत, रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेऊनच. तेलाच्या डब्याचे सील फोडू नये. माती देणाऱ्यांनी ट्रॉली भरण्याआधी ओंजळभर नमुना वस्तादांना दाखवावा. न दाखवता आलेली ट्रॉली परत पाठवावी लागेल, कृपया राग मानू नये.

आपला नम्र,
सचिव, तालीम कार्यकारिणीच्या वतीने