प्रसूती वॉर्डातल्या मावशींना

मावशी, नमस्कार.

मार्च २०१९. नाशिकमधल्या एका दवाखान्यातली भिंतीकडेची शेवटची खाट. खाटेच्या दांडीला लाल पेनाने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. ती वाचून शेजारच्या बाईने आपली पिशवी उचलून पलीकडे नेली. ती खाट माझी होती.

त्याआधी एका खाजगी दवाखान्यात माझं नाव घातलेलं होतं. एचआयव्हीचा रिपोर्ट हातात पडला आणि नवव्या महिन्यात त्यांनी फाइल परत दिली. म्हणाले, आमच्याकडे तशी सोय नाही. वेगळी सोय काहीच लागत नाही, हे मला फार नंतर कळलं. घरी सासूबाईंनी ताट-वाटी वेगळी केली होती. मी अपराध्यासारखी वागायला शिकले होते.

मुलगी झाली. तिला पुसायचं कुणी, म्हणून तिथल्या दोघीजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. तुम्ही हातमोजे चढवलेत, प्रत्येक बाळंतिणीसाठी चढवायचात तेच, आणि तिला उचललंत. ‘नाकेली आहे गं,’ म्हणालात. माझ्या लेकीबद्दल जगात बोललं गेलेलं ते पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी माझ्या केसांचा गुंता बघून तुम्ही खाटेवर मागे येऊन बसलात. तेल लावलंत, वेणी घातलीत. तेव्हा हातात मोजे नव्हते. केसांना कशाला हवेत? किती महिन्यांनी माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला होता. मी रडत होते आणि तुम्ही निमाणीहून सुटणाऱ्या तुमच्या बसची गोष्ट सांगत होतात. मुद्दामच, हे आता समजतं.

आणि ती चिठ्ठी. ‘सिस्टर, मोजे तर सगळ्यांसाठीच घालायचे ना? मग हिलाच पाटी कशाला?’ एवढंच विचारलंत. संध्याकाळी चिठ्ठी नव्हती. पुढे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं की एचआयव्ही-एड्सबद्दलचा २०१७चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८पासून लागू झालाय. माझ्या संमतीशिवाय माझा आजार असा चारचौघांत मांडता येत नाही, उपचार नाकारता येत नाहीत, घरातून बाहेर काढता येत नाही. तुम्हाला तो कायदा ठाऊक होता की नाही, कोण जाणे. बरोबर काय ते ठाऊक होतं.

मुलीला सहा आठवडे औषधाचं सिरप दिलं. माझ्या गोळ्या चालू होत्या, म्हणून सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजलं. अठराव्या महिन्याची शेवटची तपासणी झाली. निगेटिव्ह, मावशी! ते सांगायला मी पेढे घेऊन वॉर्डात आले, तर ठेकेदार बदलला होता. तुम्ही कुठे गेलात, कुणालाच सांगता येईना. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या घरातलं कुणी वाचून दाखवेल.

गोळ्या मोफत मिळतात, एकही चुकवत नाही. रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी आहे.

खाली नाव लिहीत नाही, त्याचा राग मानू नका. घरमालकाला माहीत नाही, आणि पोरगी शाळेत जाते. तुम्ही मला ओळखालच. भिंतीकडची खाट, गुंतलेले केस.

ती आता पहिलीत आहे. नाकेलीच आहे.