तणनाशक पावसात ‘वाया’ जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृगाच्या तोंडावर आपल्या बेळगाव जिल्ह्यात ऊस, मका, सोयाबीन यांच्या तणनाशकांची खरेदी सुरू होते आणि खानापूरच्या तांबड्या जमिनीला व निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानाला बहुधा एकच तोंडी सल्ला मिळतो. फवारणीनंतर पाऊस झाला की ‘औषध वाया गेले’ असे आपण म्हणतो. ते गेले कुठे, हे विचारत नाही.

काळी माती चिकण असल्याने ॲट्राझिनसारखे औषध बऱ्यापैकी धरून ठेवते. परंतु उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, आणि वळवाचे पाणी मातीत झिरपण्याऐवजी त्या भेगांतून औषधासह थेट खालच्या थरात उतरते. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की पावसाचे पाणी औषधासह वरून वाहत वेदगंगा-दूधगंगेकडे जाणाऱ्या ओढ्यांना मिळते.

तांबड्या जमिनीतील लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे ग्लायफोसेट या तणनाशकाला घट्ट धरतात, म्हणून ते सहसा खोल जात नाही. मात्र उतारावरची माती धुपली, तर त्या मातीला चिकटूनच ते नाल्यात पोहोचते. मेट्रिब्युझिन या तणनाशकाचे वागणे अगदी उलट आहे. ते पाण्यात सहज विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही, आणि सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या मुरमाड रानात जोराच्या पावसाबरोबर मुळांच्या खाली, विहिरीच्या झऱ्यांच्या दिशेने सरकते.

गेल्या वर्षी मजूर मिळाले म्हणून ढग दाटलेले असतानाही मी उसात हेच मेट्रिब्युझिन फवारले. संध्याकाळी मुसळधार पाऊस झाला आणि उताराच्या टोकाची काकडी आठवड्याभरात पिवळी पडून गेली. चूक माझीच होती. पण त्याच बांधाखाली आमची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, याची धास्ती अजून जात नाही. भूजलातील अंशांमुळेच युरोपीय संघाने 2004 मध्ये ॲट्राझिनची मान्यता नाकारली, तर आपल्याकडे ते उसात व मक्यात सर्रास वापरले जाते.

हलकी सर उगवणपूर्व, म्हणजे तण उगवण्याआधी फवारायच्या, तणनाशकाला उपयोगी पडते. घात करतो तो फवारणीनंतर लगेच येणारा जोराचा पाऊस. म्हणून जून-जुलैमध्ये आपल्या वृत्तपत्राने हवामानाच्या अंदाजाशेजारी तालुकावार मातीनुसार फवारणीचा सल्ला कृषी तज्ज्ञांकडून घेऊन मराठीत छापावा, आणि कृषी खात्याने पावसाळ्यानंतर शेतालगतच्या पिण्याच्या विहिरींचे पाणी तणनाशकांसाठी तपासावे, ही विनंती.

आपला,
एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका