दोनदा वाजवून घ्या, मग ठरवा

संपादक महोदय,

मिरजेत गेली बावीस वर्षं मी तबला शिकवतो. मागच्या महिन्यात माझ्या दोन विद्यार्थ्यांची रचना एका महाविद्यालयीन स्पर्धेत ऐकण्याआधीच बाद झाली. नियम मुलांनी घालायचे आणि त्यांत राहून यंत्राने दर वेळी थोडं निराळं वाजवायचं, अशी ती रचना. ‘यंत्र आपोआप वाजवतं, यात तुमचं काय?’ असं परीक्षक म्हणाले. मुलांना उत्तर द्यायची संधी मिळाली नाही, म्हणून मी लिहितोय.

मुलांनी इथल्याच एका तंबोऱ्याच्या पंचम, जोड आणि खर्ज अशा तारा सुट्या ध्वनिमुद्रित केल्या. डिजिटॅक्ट सॅम्पलरवर, म्हणजे मुद्रित आवाज साठवून हवे तेव्हा वाजवणाऱ्या यंत्रावर, त्यांना 13, 17 आणि 19 घरांची आवर्तनं दिली; घर म्हणजे मात्रेसारखा एक ठरावीक कालखंड. सेकंदाला चार घरं या लयीत तिन्ही तारा पुन्हा एकत्र येतात त्या 4,199 घरांनी, जवळजवळ साडेसतरा मिनिटांनी! एकच बोल तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, ती तिहाई; ती बसवताना आम्ही बोटांवर करतो तसलाच हा हिशोब.

डग्ग्याच्या ‘गे’ या घुमणाऱ्या बोलाचे आठ आघात घेतले होते. एक भरदार, एक तळवा घासून काढलेला घिश्श्याचा, एक तळवा निसटलेला. प्युअर डेटा या संगणक प्रणालीत ‘रँडम 8’ असं लिहिलं की शून्य ते सात यांतला कुठलाही आकडा येतो आणि त्या क्रमांकाचा ‘गे’ वाजतो. पहिल्या दिवशी मुलांनी सगळंच नशिबावर सोडलं, तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसं ऐकू आलं. मग तीन दिवस खपून त्यांनी एकेक बंधन घातलं. तीनतालाच्या समेचा ‘धा’ चुकायचा नाही. खालीला, म्हणजे तालाच्या बिनवजनी भागात, डग्गा बंद. मधले ‘गे’ 25 टक्के वेळाच वाजतील. तेव्हा कुठे ठेका डोलायला लागला. हे बसवायला ताल अंगात मुरलेला लागतो, हे मी शिक्षक म्हणून छातीठोकपणे सांगतो.

आणि हे परकं खूळही नव्हे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 साली मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आलं होतं. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ उभा करून दिला.

सॅम्पलर महाग आहे, मान्य. पण प्युअर डेटा फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. संगीत विभागांनी ते शिकवायला घ्यावं. स्पर्धकांकडून घातलेले नियम कागदावर मागावेत आणि रचना लागोपाठ दोनदा वाजवून घ्यावी. दोन्ही वेळा सूर-आघात निराळे पडूनही रचना तीच ओळखू आली, तर गुण त्या मुलांचे.

– एक तबलाशिक्षक, मिरज