वाईच्या सहलीला निघण्याआधी

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या मंडळाच्या सहलीची यादी वाचली. सांगलीहून निघून एका दिवसात कराड, सज्जनगड, लिंब, वाई, मेणवली आणि वर पाचगणी! सांगली ते वाई हेच जायला दीडशे-एकशेसाठ किलोमीटर. इतकी ठिकाणं घेतलीत तर गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा आणि परत चढायचं, एवढंच होईल. बाबा, तुमचा शब्द मंडळात चालतो. सज्जनगड आणि पाचगणी या खेपेला काढायला लावा.

सकाळी सहाला निघा. पेठ नाक्याला महामार्ग लागला की नाश्ता थेट कराडला. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात, ते पाहायला अर्धा तास पुरे.

साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीला मात्र दीड तास द्या. उन्हं चढायच्या आत, दहाच्या सुमारास पोचा. आत जाणारा रस्ता अरुंद आहे. मोठी बस नको, सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरवा. मागच्या चाकावरच्या सीटला सगळ्यात जास्त दणके बसतात, तिथे पाठदुखीवाल्या कुणाला बसवू नका. ट्रॅव्हलरची पायरी उंच असते, म्हणून एक बुटकं स्टूल बरोबर असू द्या.

शाहू महाराजांच्या काळात, 1719 ते 1724 मध्ये, विरूबाई भोसल्यांनी ही विहीर आमराईच्या पाण्यासाठी बांधली. अष्टकोनी मोठी विहीर आणि तिला जोडलेली चौकोनी. वरून पाहिलं की शिवलिंगाचा आकार दिसतो. दोन्हींच्या मध्ये खांबांचा छोटा महालच आहे. नुसतं खाली डोकावून परतू नका. आधी वर, मोटा म्हणजे बैलांनी ओढायच्या पाण्याच्या चामडी पिशव्या चालायच्या, तिथे उभे राहा. नाडा म्हणजे मोटेचा दोर कुठून यायचा, मोटेची सोंड कुठे मोकळी व्हायची, पाणी थारोळ्यातून, म्हणजे दगडी कुंडातून, पाटाला कसं लागायचं, हे दगडावर बोट ठेवून दाखवणारं म्हातारं माणूस गावात भेटेल. बाबा, त्यांच्याशी तुम्ही बोला, मोटेचे शब्द तुम्हाला येतात. फक्त चौदाच्या चौदा जणांनी घेराव घालू नका, माणूस बुजतो आणि हो-नाही एवढंच बोलतो. दोघं-तिघं जा, आधी रामराम करा, पाण्याचं-पिकाचं विचारा, मोबाइल खिशात ठेवा. फोटो हवाच असेल तर निघताना विचारून काढा. कुणी वेळ काढून सगळं दाखवलं तर त्यांच्या शेतातली भाजी, शेंगा असं काहीतरी विकत घ्या.

पायऱ्या दगडी आहेत, ओल असली की निसरतात. बाबा, उतरताना दुखरा पाय आधी टाका, चढताना चांगला पाय आधी, आणि काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, त्यामुळे घाई तिथे नको. कमानीखाली मधमाश्यांचं पोळं दिसलं तर मोठ्याने बोलू नका, मुकाट्याने मागे फिरा.

वाईत जेवण एकच्या आत उरका, आईची मधुमेहाची गोळी आणि जेवण यांची वेळ चुकता कामा नये. ढोल्या गणपतीला सगळे समोरून दर्शन घेऊन निघतात. तुम्ही देवळाच्या मागच्या बाजूला जा. 1762 मध्ये सरदार रास्त्यांनी हे देऊळ बांधलं, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती केली. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. सपाट भिंत असती तर सगळा लोंढा तिच्यावरच आदळला असता. आई, भिंतीवरून हात फिरवून बघ, वळण हाताला कळतं. पूर कुठवर चढतो ते घाटावरच्या दुकानदारांना विचार.

अंगात त्राण असेल तरच मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा खासगी आहे, आधी विचारून मगच आत जा. घाटावरची मोठी घंटा 1739 च्या मराठ्यांच्या वसईच्या विजयानंतर आणलेली.

पाचला परतीला लागा, रात्री महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यांशिवाय उभ्या असतात. कंदी पेढे येताना साताऱ्यात घ्या. जाताना घेतले तर दिवसभर गाडीत तापतील.

मंडळाचं काय ठरलं ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
मनू